निवासी सेवागृहातील गुणवत्ता व सुरक्षितता : ‘उपस्थाता’ या पादाचा विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून प्रत्येक पादाचे चार-चार गुण दिले आहेत. हे सोळा गुण विद्यार्थिदशेतच आपणां सर्वांना मुखोद्गत होतात. तथापि व्यवसायात उतरल्यानंतर पहिल्या पादाचा विचार आपण स्वतःपुरता करतो, दुसऱ्याचा विचार औषधनिर्माते व विक्रेते यांच्याशी बोलताना करतो आणि चौथा पाद रोज आपल्यासमोर येऊन बसतो. तिसरा पाद, म्हणजे उपस्थाता, परीक्षेतील टिपेपुरताच उरतो. रुग्ण स्वतःच्या घरी राहत असतो तोवर ही उणीव जाणवत नाही, कारण हे काम पत्नी, सून, मुलगी वा मुलगा करीत असतो. रुग्ण निवासी सेवागृहात राहावयास गेला की चिकित्सेचे यश बहुतांशी या तिसऱ्या पादावर अवलंबून राहते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली व त्यापुढील टिटवाळा, बदलापूर, मुरबाड रस्ता या पट्ट्यात अशी लहान सेवागृहे आता मोठ्या संख्येने दिसतात. कोठे तळमजल्यावरील दोन सदनिका जोडलेल्या असतात, कोठे जुना बंगला भाड्याने घेतलेला असतो. आठ ते पंचवीस खाटा, दिवसा तीन-चार मावशी, एखादा मामा, एक स्वयंपाकीण व सर्व धुरा सांभाळणारे मालक दांपत्य, असा हा संसार असतो. मुले परगावी वा परदेशी गेलेले वृद्ध, पक्षाघातानंतरचे रुग्ण, अस्थिभंगानंतर काही महिने शुश्रूषेची गरज असलेले रुग्ण तेथे राहतात. आपल्यापैकी अनेक वैद्य अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा जातात व आपले औषधविक्रेते बंधू महिन्याची औषधे पोहोचवितात. अशा लहान सेवागृहात गुणवत्ता व सुरक्षितता कशी राखावी, त्यात वैद्य व विक्रेता यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आरंभी आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीचा वृत्तान्त देतो.

एका एकादशीचा अनुभव

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील चौदा खाटांच्या एका सेवागृहात आम्ही दर बुधवारी जात असू. तेथे चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. मधुमेह जुना, त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनांनी दिलेल्या ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन या गोळ्या चालू होत्या. आम्ही त्यांना निशा-आमलकी व संधिशूलासाठी काही कल्प देत होतो. आषाढी एकादशीच्या आदल्या बुधवारी आम्ही त्यांना तपासले, सर्व ठीक दिसले आणि आम्ही कागदावर ‘पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावे’ एवढे एकच वाक्य लिहून निघालो.

एकादशीच्या दिवशी आजींनी निर्जळी नव्हे, पण जवळजवळ निराहार उपवास केला. सकाळच्या पाळीला ब्यूरोतून आलेली नवी मावशी होती. तिने कागद पाहिला, पेटीतील गोळ्या मोजल्या व सर्व औषधे वेळेवर दिली. दुपारनंतर आजींना घाम फुटला, बोलणे अडखळू लागले. उपासाने थकवा आला असेल, पडू द्यावे, असे सर्वांना वाटले. त्यावर कोणी पंखा लावला, कोणी पाय चेपले. सायंकाळी औषधे पोहोचवावयास आलेल्या विक्रेत्या बंधूंच्या ध्यानात आले की खोली गार असूनही आजींचे पातळ घामाने भिजले आहे व त्या ओळख देत नाहीत. त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला. ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा ४१ भरली. आजींना गिळता येत होते म्हणून साखरपाणी देता आले. त्यानंतर त्यांना रुग्णालयात नेऊन रात्रभर देखरेखीखाली ठेवले, कारण या वर्गातील गोळ्यांमुळे उतरलेली शर्करा एकदा वर आली तरी पुन्हा उतरू शकते. आजी सुखरूप परतल्या. पण तासभर अधिक उलटला असता तर काय झाले असते, या विचाराने आम्हांस त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मावशीला बोल लावावयास सर्वजण तयार होते. आम्ही उपस्थात्याचे चार गुण एकेक करून तपासले. अनुराग तिच्या ठायी होता, दिवसभर ती आजींच्या उशाशी बसून होती. शौच होते. दाक्ष्यही होते, कारण एकही गोळी तिने चुकविली नाही. उणीव होती ती उपचारज्ञतेची, आणि ती तिला देणे हे आमचे काम होते. उपवास असेल तर कोणती गोळी थांबवून विचारावे, घाम व बडबड दिसल्यास प्रथम काय पाहावे, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते आणि कागदावर तर ‘पूर्वीप्रमाणेच’ असे आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. ती एकटीच चुकली असती तर तिला बदलून प्रश्न सुटला असता. आमची पद्धतच चुकलेली होती. पुढील विवेचन या एका दिवसातून निघालेले आहे.

आपले गृह कायद्याच्या कोणत्या चौकटीत बसते

अनेक चालक ‘आमचा तर वृद्धाश्रम आहे, आम्हांला नोंदणी नको’ असे सांगतात. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ यातील व्याख्या मात्र पाटीवरील नाव पाहत नाही. आजारी, जखमी वा विकलांग व्यक्तींना ठेवून घेणे व त्यांना उपचार आणि शुश्रूषा देणे या दोन गोष्टी जेथे घडतात ते शुश्रूषागृह होय. राइल्स नळीने अन्न, मूत्रनलिका, शय्याव्रणाचे बंधन, इन्सुलिन इत्यादी गोष्टी जेथे नित्य चालतात, तेथे आपण केवळ निवास व भोजन देतो असे म्हणणे कठीण आहे. महापालिका क्षेत्रात पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. या अधिनियमाखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांच्या सनदेचा समावेश झाला आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे १९४९ चाच कायदा प्रमाण आहे.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना सेवेसाठी ठेवून घेणाऱ्या आस्थापनेस मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार स्वतंत्र नोंदणी लागते व त्या व्याख्येत आयुर्वेदीय संस्थांचाही उल्लेख आहे. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवणे या अधिनियमाने निषिद्ध केले आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री उठून जातो म्हणून त्याचा हात ओढणीने खाटेला बांधला जातो, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे. ते पाहून गप्प राहणाऱ्या वैद्याला आपण केवळ पाहुणे होतो असे म्हणता येणार नाही.

शुद्ध वृद्धाश्रमांसाठी किमान मानके व सक्तीची नोंदणी आणणारे एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण अधिनियमात सुधारणा करणारे ते विधेयक मंजूर झाले नाही. म्हणून अनेक बाबतींत चालकाचा व वैद्याचा विवेक हेच मानक उरते. आयुर्वेद रुग्णालये व पंचकर्म चिकित्सालये यांच्यासाठी एनएबीएचने मानके तयार केलेली आहेत. दहा-बारा खाटांच्या गृहास ती सर्व पेलणार नाहीत, परंतु आपण कोठे उभे आहोत हे पाहण्यासाठी त्यांचा आरसा उपयोगी पडतो.

वास्तू

चरकाच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात आतुरासाठी सिद्ध करावयाच्या गृहाचे वर्णन आहे. गृह दृढ असावे, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये पण एका बाजूने हवा खेळावी, सुखाने हिंडता-फिरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा. पाण्याची सोय, कुटण्याची साधने, शौचस्थान, स्नानभूमी व पाकगृह असावे. आजच्या कोणत्याही तपासणी-तक्त्यात याहून निराळे काय असते?

हेच निकष आपल्या परिसरास लावून पाहू. ‘दृढ’ या शब्दासाठी इमारतीचे संरचनात्मक परीक्षण झाले आहे काय, हे भाडेकरार करण्यापूर्वी विचारावे. जुन्या व अनधिकृत इमारतींचा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. ‘धूर’ हा शब्द वाचताना डोंबिवलीकरांना औद्योगिक वसाहतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. २६ मे २०१६ रोजी व पुन्हा २३ मे २०२४ रोजी तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन जीवितहानी झाली व दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा परिसरात खाटेचे डोके काचेच्या खिडकीखाली ठेवू नये. ‘पाणी’ म्हणजे कल्याणची खाडी, उल्हास व वालधुनी. २६ जुलै २००५ च्या महापुरात ज्या गल्लीत पाणी शिरले होते तेथे तळमजला घेताना अंथरुणास खिळलेले रुग्ण किती मिनिटांत व कोठे हलविता येतील, याचा विचार आधी करावा.

आगीचे भय सर्वांत मोठे आहे. मुंब्रा येथील एका खासगी रुग्णालयास २८ एप्रिल २०२१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा रुग्णांना अन्यत्र हलविताना चार रुग्ण दगावले. पहाटेची वेळ, न चालणारे रुग्ण व मोजके मनुष्यबळ ही परिस्थिती आपल्या सेवागृहांत दररोज असते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा कार्यक्षम असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक यंत्रणेकडून दर वर्षी जानेवारी व जुलैत घ्यावयाचे असते. त्याच्या जोडीस दोन साध्या गोष्टी कराव्यात. रात्री मुख्य दारास कुलूप असल्यास किल्ली दाराशेजारीच ठरलेल्या खिळ्यावर असावी. दर तीन महिन्यांनी एकदा एका रिकाम्या खाटेवर कर्मचाऱ्यालाच निजवून, चादरीसह ओढत दारापर्यंत नेण्याचा सराव करावा. स्ट्रेचर दारातून वळत नाही हे त्या दिवशी कळलेले बरे.

तैल, स्वेद व धूपन यांतील सावधगिरी

हा विषय आधुनिक मानकांच्या पुस्तकांत फारसा सापडत नाही, म्हणून तो आपणच लिहून ठेवला पाहिजे.

वृद्धांना निद्रेसाठी पादाभ्यंग हितकर आहे. पण तळपायास तेल चोळून आजोबांना निजविले आणि ते मध्यरात्री लघवीसाठी उठले, तर लादीवर तो पाय ठरत नाही. पादाभ्यंग निजण्यापूर्वी निदान तासभर आधी करावा, नंतर तळवे कोमट पाण्याने व बेसनाने पुसून कोरडे करावेत, मोजे चढवू नयेत, रबरी तळाच्या चपला खाटेलगत ठेवाव्यात व लघवीस नेऊन आणूनच दिवा मंद करावा. अभ्यंगाच्या खोलीतील लादी प्रत्येक रुग्णानंतर सोड्याच्या गरम पाण्याने पुसावी. केवळ फडके फिरविल्याने तेल पसरते.

तेलाने माखलेले पंचे व चादरी ढीग करून कोपऱ्यात वा गरम असतानाच घडी करून कपाटात ठेवू नयेत. तेलकट कापडाच्या ढिगात उष्णता साठून ते आपोआप पेटू शकते. ते झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी धुवावेत व पूर्ण निवल्यावर घडी करावेत. ज्या खोलीत ऑक्सिजन यंत्र वा सिलिंडर चालू आहे तेथे धूपन करू नये, निरांजन वा उदबत्तीही लावू नये. मधुमेही व पक्षाघाताच्या रुग्णांच्या त्वचेस उष्णतेची जाणीव कमी असते. त्यांना पोटली-स्वेद वा गरम पाण्याची पिशवी देताना ‘चटका बसतो का’ असे त्यांना विचारून भागत नाही, उपस्थात्याने पोटली स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहिली पाहिजे.

औषध : वैद्य व विक्रेता यांचा सामाईक भाग

निवासी सेवागृहातील बहुतेक रुग्ण दोन्ही शास्त्रांची औषधे घेतात. आपले औषध ‘आयुर्वेदिकच आहे, चालते’ या समजुतीने वेगळ्या डब्यात, वेगळ्या कागदावर व कित्येकदा कागदाविनाच दिले जाते. आमचा पहिला आग्रह असा की प्रत्येक रुग्णाचा एकच औषधतक्ता असावा व त्यात गोळी, इन्सुलिन, चूर्ण, काढा, तेल, डोळ्यांचे थेंब सर्व एकाखाली एक असावे. ‘पूर्वीप्रमाणेच’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘थोडेसे’ हे शब्द त्यात येऊ नयेत. मात्रा, अनुपान, वेळ व ‘केव्हा देऊ नये’ हे चार रकाने भरलेले असावेत.

काही ठळक सावधगिऱ्या येथे नोंदवितो. आसव-अरिष्टांत किण्वनाने निर्माण झालेले मद्य व गूळ-साखर दोन्ही असतात. मधुमेही, यकृद्विकारी व मेट्रोनिडॅझोल चालू असलेल्या रुग्णास ती विचारपूर्वक द्यावीत. अवलेहांतील साखरही मोजावी. यष्टिमधू अधिक काळ व अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या घेणाऱ्या हृद्रोग्यात हे विशेष घातक ठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसूण, गुग्गुळ यांचे कल्प देण्यापूर्वी संबंधित चिकित्सकाशी बोलावे. इसबगोल पुरेशा पाण्यासह, बसवूनच व इतर औषधांपासून अंतर ठेवून द्यावा. गिळण्यास त्रास असणाऱ्याच्या घशात तो फुगून अडकू शकतो. मलावष्टंभासाठी एरंडतेल वा त्रिफळा देताना पाणी किती प्यायले जाते हे पाहावे, अन्यथा दोन जुलाबांनीच वृद्धास भोवळ येऊन तो पडतो.

विक्रेत्या बंधूंना विनंती अशी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र विक्री-परवाना लागत नाही, म्हणून आपल्यावरील नैतिक जबाबदारी अधिक आहे. सेवागृहास सुट्या, नाव नसलेल्या पुड्या देऊ नयेत. प्रत्येक डब्यावर रुग्णाचे नाव, कल्पाचे नाव व वेळ मोठ्या मराठी अक्षरात लिहावी. बॅच क्रमांक व मुदत-समाप्तीची तारीख बिलावर घ्यावी. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-ब नुसार मुदत छापणे बंधनकारक आहे, ती वाचणे आपल्या हाती आहे. अनुसूची ई-१ मधील वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, पारद, हरताळ यांसारखी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा असतो. असे कल्प वैद्याच्या ताज्या, तारीख घातलेल्या चिठ्ठीविना ‘मागच्यासारखेच’ म्हणून देऊ नयेत. महिन्यातून एकदा उरलेली औषधे मोजल्यास किती मात्रा चुकल्या हे आपोआप कळते. आमच्या आजींचा जीव विक्रेत्याच्या नजरेने वाचला, हे आम्ही विसरलेलो नाही.

संसर्ग, व्रण व आहार

नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील खडवलीजवळच्या सोरगाव येथील वृद्धाश्रमात साठाहून अधिक जण करोनाबाधित आढळले. बाधितांत कर्मचारीही होते व अनेक निवाशांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. रुग्णांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले. एका छपराखाली जेवणारे, एकाच हातांनी न्हाणारे वृद्ध किती झपाट्याने एकत्र आजारी पडतात, याचा हा आपल्या जिल्ह्यातील धडा आहे. करोना ओसरला तरी खरूज, अतिसार, शीतज्वर याच मार्गाने पसरतात. म्हणून एक खोली, निदान पडदा लावलेला एक कोपरा, वेगळा ठेवता आला पाहिजे. ताप वा जुलाब असलेल्या कर्मचाऱ्यास पगार न कापता सुटी दिली पाहिजे, कारण पगार कापला जाणार असेल तर तो आजार लपवून कामावर येतो. अभ्यंगाचे तेल वाटीत काढून घ्यावे, हात बाटलीत बुडवू नये. सुया, लॅन्सेट पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात व मळलेली बंधने पिवळ्या पिशवीत टाकावीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा ४८ तासांहून अधिक साठवू नये.

शय्याव्रण हा सेवेचा खरा दाखला आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्रिकास्थी, टाचा व नितंबास्थी रोज उजेडात पाहणे, डायपर ओला राहू न देणे, एवढे केल्यास बहुतेक व्रण टळतात. वॉटर बेड आणला म्हणून कूस बदलणे सुटत नाही. लालसर डाग दाबल्यावर फिकट होत नसेल तर तो व्रणाचा आरंभ समजावा व त्या जागी मर्दन करू नये.

आहारात प्रत्येकाचे वजन महिन्यातून एकदा घ्यावे. पक्षाघाताच्या रुग्णास बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घासांनी भरवावे व नंतर अर्धा तास निजवू नये. श्रावण, चातुर्मास, एकादशी, संकष्टी, रोजे यांची यादी स्वयंपाकघरात व औषधकपाटावर अशी दोन्हीकडे लावावी.

नोंद

सेवागृहाच्या नोंदवहीत आम्ही एकादशीनंतर एक रकाना वाढविला : ‘आज काही वेगळे?’ उपवास, उलटी, जुलाब, जेवण न जाणे, नवे औषध, पाहुण्याने आणलेले खाणे, रात्रीची बेचैनी, यांपैकी काही असल्यास तेथे लिहावयाचे व सकाळची औषधे देण्यापूर्वी तो रकाना वाचावयाचा. रकाना भरलेला असेल तर औषध देण्यापूर्वी वैद्य वा चालक यांना दूरध्वनी करावयाचा. पाळी बदलताना दोन्ही मावशींनी दहा मिनिटे एकत्र, प्रत्येक खाटेशी उभे राहून तो वाचावयाचा. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी चिन्हे ठरविली. काही दिवसांतच तिच्या नोंदी सर्वांत नियमित असल्याचे दिसले.

या पानाच्या मागे आम्ही तातडीची कृती लिहून चिकटविली. घाम, बडबड, गुंगी दिसल्यास प्रथम रक्तशर्करा पाहावी. ७० पेक्षा कमी असून रुग्ण नीट गिळत असेल तर साखरपाणी द्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये व १०८ ला दूरध्वनी करावा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, छातीत कळ या प्रसंगी वैद्याची वाट पाहू नये. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा साहाय्य क्रमांक निवाशांना स्वतः वाचता येईल अशा जागी लावावा, केवळ कार्यालयात नव्हे.

गुणवत्ता मोजता आली पाहिजे. त्यासाठी महिन्याच्या अखेरीस पाच आकडे काढावेत : पडण्याच्या घटना, नवे शय्याव्रण, औषधातील चुका, रुग्णालयात हलविलेले रुग्ण व दोन किलोहून अधिक वजन घटलेले निवासी. चौदा निवासी तीस दिवस राहिले तर ४२० निवासी-दिन होतात. त्यात दोनदा कोणी पडले तर हजार निवासी-दिनांस प्रमाण सुमारे ४.८ येते. खाटा कमी-अधिक झाल्या तरी या रीतीने मागील महिन्याशी तुलना करता येते. प्रारंभीच्या महिन्यांत औषधातील चुकांचा आकडा वाढल्याचे आम्हांस दिसले. चुका वाढल्या नव्हत्या, त्या लपविणे थांबले होते. चूक सांगणाऱ्यास दंड न करण्याची हमी चालकांनी दिली म्हणून हे घडले.

मनुष्यबळाविषयी एक स्पष्ट मत मांडतो. चौदा खाटांस रात्री एकच व्यक्ती ठेवणे आम्हांस मान्य नाही. ती एकास उचलत असताना दुसऱ्याने हाक मारली तर कोणाकडे जावे? दुसऱ्या व्यक्तीचा पगार मासिक शुल्कात किती वाढ करतो हे आकडे मांडून नातेवाइकांस सांगावे. बहुतेक नातेवाईक कारण समजल्यावर मान्य करतात असा आमचा अनुभव आहे. जेथे ही दुसरी व्यक्ती ठेवण्यास चालक कायमचे नकार देतात, तेथे आपले नाव फलकावर राहू द्यावे काय, याचा प्रत्येक वैद्याने स्वतःशी निर्णय करावा.

समारोप

वर सांगितलेल्यापैकी फारच थोड्या गोष्टींना मोठा पैसा लागतो. एक तक्ता, एक वही, दाराजवळची किल्ली, न्हाणीघरातील कठडा, रात्रीचा मंद दिवा व दहा मिनिटांची पाळीबदल, इतक्यांतून आरंभ करता येतो. आपल्या संघटनेच्या सभासदांनी ज्या सेवागृहात ते जातात तेथील औषधतक्ते येत्या भेटीत एकदा स्वतः वाचून पाहावेत व ‘पूर्वीप्रमाणेच’ हा शब्द आढळल्यास खोडून पूर्ण मात्रा, वेळ व निषेध लिहावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

त्या आजी पुढे दोन वर्षे त्या सेवागृहात राहिल्या. दर एकादशीला त्या स्वतःच मावशीला हाक मारून वहीत ‘उपास’ असे लिहवून घेत आणि मगच फराळाचे ताट पुढे ओढत. त्यांच्या उपवासात आम्ही कधी ढवळाढवळ केली नाही; त्या दिवशीची गोळी मात्र फिजिशियनांच्या सल्ल्याने बदललेली असे.